अर्जावर सही आपली, मसुदा कोणाचा? संशोधन अनुदान आणि एआय : वाचकांचे प्रश्न

संशोधन अनुदानासाठी प्रस्ताव लिहिताना चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांसारख्या साधनांची मदत घ्यावी का, घेतली तर कुठवर घ्यावी आणि ती जाहीर कशी करावी, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे अलीकडे या सदराकडे आली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळून त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रांना सविस्तर उत्तराची गरज होती, तर काहींचे काम चार ओळींत भागण्यासारखे होते.

प्रश्न : पीएच.डी.नंतरच्या अधिछात्रवृत्तीसाठी मी पहिल्यांदाच अर्ज करीत आहे. विभागातील काही जण सांगतात की एआय वापरल्याचे कळले तर अर्ज थेट बाद होतो. इतर काही जणांच्या मते सगळेच वापरतात, त्यामुळे सांगत बसण्याची गरज नाही. नेमका नियम काय आहे?

उत्तर : दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही. निधी देणारी प्रत्येक संस्था आपापला नियम करते आणि तो वर्षागणिक बदलतो. तरीही मोठ्या संस्थांनी आजवर जाहीर केलेल्या भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या, तर अर्जदारावर सरसकट बंदी क्वचितच आढळते; मात्र वापर लपवू नये आणि मजकुरातील प्रत्येक विधानाची जबाबदारी अर्जदाराचीच राहील, यावर जवळपास एकमत दिसते. ब्रिटनमधील प्रमुख निधी संस्थांनी सप्टेंबर २०२३ मध्ये संयुक्त निवेदन काढून अर्जात अशा साधनांचा वापर केला असल्यास त्याची नोंद करावी, असे सांगितले. त्याच महिन्यात जर्मनीच्या डीएफजी या संशोधन निधी संस्थेने, कोणते साधन कशासाठी आणि किती प्रमाणात वापरले हे उघड करण्याची अपेक्षा व्यक्त केली. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने डिसेंबर २०२३ मध्ये प्रस्तावातच तशी नोंद करण्यास अर्जदारांना प्रोत्साहन दिले. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये संशोधनातील जबाबदार वापराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही संशोधकाची अंतिम जबाबदारी आणि वापराची पारदर्शकता हेच मुद्दे ठळक आहेत.

यांत सर्वांत कडक भूमिका अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच, या संस्थेची आहे. जुलै २०२५ मध्ये काढलेल्या आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरपासून लागू झालेल्या सूचनेनुसार, जो अर्ज किंवा अर्जाचा जो विभाग मुख्यत्वे एआयने तयार केला असेल, त्यातील कल्पना अर्जदाराची स्वतःची मानली जाणार नाही. अनुदान मिळाल्यानंतर असा प्रकार उघडकीस आला तर खर्च नामंजूर होण्यापासून अनुदान रद्द होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. ‘मुख्यत्वे’ म्हणजे किती, याची फूटपट्टी अर्थातच कोणी दिलेली नाही, आणि माझ्या मते ती देता येणारही नाही. म्हणून या रेषेच्या किती जवळ जाता येईल याचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा तिच्यापासून भरपूर अंतर राखावे, हे बरे.

जाहीर करायचे म्हणजे कबुलीजबाब द्यायचा नसतो. दोन वाक्ये पुरतात : ‘पार्श्वभूमीच्या विभागातील भाषा सुटसुटीत करण्यासाठी आणि मजकूर शब्दमर्यादेत बसवण्यासाठी अमुक साधनाची अमुक आवृत्ती अमुक महिन्यात वापरली आहे. संशोधनप्रश्न, उद्दिष्टे, कार्यपद्धती आणि अंदाजपत्रक अर्जदाराने स्वतः तयार केले असून सर्व संदर्भ मूळ लेखांशी ताडून पाहिले आहेत.’ ताडून पाहिले नसतील, तर दुसरे वाक्य लिहू नये. अर्ज मागवणाऱ्या यंदाच्या जाहिरातीसोबतची नियमावली मुळातून वाचावी. गेल्या वर्षी सहकाऱ्याने उतरवून घेतलेल्या सूचनांवर विसंबू नये. नियमावली या बाबतीत गप्प असेल, तर संपर्क अधिकाऱ्याला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

प्रश्न : भूजलातील नायट्रेटवर मी तीन वर्षांच्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला. माझे मूळ वाक्य असे होते : ‘पहिल्या वर्षी निवडलेल्या ८ विहिरींतून दर महिन्याला पाण्याचे नमुने घेऊन नायट्रेटचे प्रमाण मोजले जाईल.’ हे फारच साधे वाटल्याने ‘अधिक प्रभावी कर’ असे एआयला सांगितले. त्याने लिहून दिले : ‘या प्रकल्पात भूजलातील नायट्रेट प्रदूषणाचे सर्वंकष मूल्यमापन, त्याच्या स्रोतांची निश्चिती आणि आरोग्यावरील परिणामांचे विश्लेषण करून धोरणकर्त्यांसाठी पूर्वसूचना प्रणाली विकसित केली जाईल.’ विभागातील सर्वांना दुसरे वाक्य आवडले. विषय माझा आहे, विहिरी मी निवडल्या आहेत, यंत्राने फक्त भाषा सुधारली. मग यात गैर ते काय?

उत्तर : यंत्राने भाषा सुधारलेली नाही, तर आपल्या नावाने चार नवी आश्वासने दिली आहेत. आपण दोन्ही वाक्ये पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण या विषयातला कळीचा मुद्दा त्यांच्यामधल्या फरकात आहे.

पहिल्या वाक्यात ८ विहिरी आणि १२ महिने आहेत, म्हणजे वर्षाला ९६ नमुने. परीक्षकाला लगेच कळते की हे काम एक प्रशिक्षित सहायक आणि एक उपकरण यांत होण्याजोगे आहे. दुसऱ्या वाक्यातून हे सारे आकडे नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी काय आले ते पाहा. ‘स्रोतांची निश्चिती’ करायची तर नायट्रेट खतातून आले, सांडपाण्यातून आले की जनावरांच्या शेणमूत्रातून, हे वेगळे काढावे लागते. त्यासाठी नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच मूलद्रव्यांच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, विश्लेषण लागते आणि तेवढ्यानेही उत्तर नेहमी निःसंदिग्ध मिळते असे नाही. ‘आरोग्यावरील परिणाम’ म्हटले की माणसांची माहिती आली, तिच्याबरोबर नैतिकता समितीची मंजुरी आली आणि ज्याच्याकडे त्या विषयाचे प्रशिक्षण आहे असा सहकारी आला. ‘पूर्वसूचना प्रणाली’ला अनेक वर्षांची मोजमापे हवीत, तीन वर्षांच्या प्रकल्पात ती उभी राहणे कठीण आहे. आपल्या अंदाजपत्रकात यांपैकी एकाचीही तरतूद नसणार, कारण ते आपण पहिल्या वाक्यासाठी आखले होते. अनुभवी परीक्षक उद्दिष्टांचे पान आणि अंदाजपत्रकाचे पान शेजारी शेजारी ठेवतो, आणि तिथे नाकापेक्षा मोती जड झालेला त्याला एका नजरेत दिसतो.

शोधनिबंध आणि प्रस्ताव यांत एक मूलभूत भेद आहे. झालेले काम शोधनिबंधात येते. प्रस्तावात व्हायचे काम येते, आणि त्या भरवशावर पैसे दिले जातात. निबंधातल्या फुगवलेल्या वाक्याने वाचकाची दिशाभूल होते. प्रस्तावातल्या फुगवलेल्या वाक्यामागे मात्र आपल्याला तीन वर्षे धावावे लागते, कारण वार्षिक प्रगती अहवालाच्या नमुन्यात तीच उद्दिष्टे पुन्हा छापलेली असतात आणि प्रत्येकापुढे ‘साध्य झाले का?’ असा रकाना असतो. हा रकाना यंत्राला भरायचा नसतो. त्याला आपल्याकडे किती माणसे आहेत, कोणते उपकरण दुरुस्तीला गेले आहे, उन्हाळ्यात कोणती विहीर आटते, यातले काहीच ठाऊक नसते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे; पण अंथरूण केवढे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आपले मूळ वाक्य साधे होते, पण अपुरेही होते, हे मान्य करायला हवे. त्याला दमदार विशेषणांची गरज नव्हती, प्रश्नाची होती. मोजून काय ठरवणार, हे त्यात येत नव्हते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे. तिचा आधार घेऊन ‘निवडलेल्या ८ विहिरींतून वर्षभर दरमहा नमुने घेऊन कोणत्या महिन्यांत किती विहिरी लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या प्रमाणात फरक पडतो का, हे तपासले जाईल’ असे लिहिले, तर वाक्य अधिक वजनदार होते आणि आश्वासन आवाक्यात राहते. अशी सुधारणा विषय जाणणाराच करू शकतो.

मग साधनाचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण लेखनिकापेक्षा उलटतपासणी घेणारा म्हणून अधिक आहे. कार्यपद्धती स्वतः लिहून झाल्यावर ‘या आराखड्यावर परीक्षक कोणते आक्षेप घेईल?’, ‘कोणत्या उद्दिष्टाला अंदाजपत्रकात आधार नाही?’, ‘वेळापत्रकातील कोणती दोन कामे एकमेकांच्या आड येतात?’ असे विचारावे. उत्तरांतले बरेचसे निरुपयोगी असते. दहा दोष मागितले तर ते दहा दोष देणारच, मग ते असोत वा नसोत. पण एखाद-दुसरा आक्षेप नेमका वर्मावर बसतो, आणि तो परीक्षकाकडून ऐकण्याआधी ऐकलेला बरा. त्यावरचा उपाय मात्र आपला आपणच लिहावा.

प्रश्न : प्रस्तावातील पूर्वसंशोधनाचा आढावा मी एआयच्या मदतीने तयार केला. सुदैवाने सादर करण्यापूर्वी संदर्भ तपासले, तेव्हा दोन लेख कुठेच सापडले नाहीत. लेखक खरे आहेत, नियतकालिक खरे आहे, पण असा लेखच नाही. हे कसे घडते? आणि उरलेल्या संदर्भांवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : ही साधने मुळात पुढचा संभाव्य शब्द कोणता याचा अंदाज बांधत मजकूर रचतात. एखाद्या क्षेत्रात कोणती नावे वारंवार येतात, शीर्षके कशी असतात, खंड आणि पृष्ठांक कसे लिहितात, हे सारे त्यांनी आत्मसात केलेले असते. त्यामुळे अस्तित्वात नसलेला संदर्भही ती अस्सल वळणाने लिहितात. आपल्याला फसवण्याचा हेतू त्यामागे नसतो, पण त्याने परिणाम बदलत नाही. न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी अशाच साधनाने रचलेले, प्रत्यक्षात कधीच न झालेले निवाडे न्यायालयात दाखले म्हणून सादर केले. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ते दोघे आणि त्यांची फर्म यांना मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. परीक्षक दंड करीत नाही, पण एक बनावट संदर्भ सापडला की उरलेल्या पानांवरचा त्याचा विश्वास उडतो.

उरलेल्या संदर्भांवर, तपासल्याशिवाय, मुळीच विश्वास ठेवू नये. तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक, इंटरनेटवर उघडून तो त्याच लेखाकडे नेतो का ते पाहावे. क्रमांकही बनावट असू शकतो, किंवा खरा असून भलत्याच लेखाचा असू शकतो. मग लेख मागे घेतला गेलेला नाही ना, हे पाहावे. मागे घेतलेल्या लेखांची, रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाने बनवलेली सूची सप्टेंबर २०२३ मध्ये, डीओआयची नोंदणी करणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे हे काम आता काही मिनिटांचे आहे. त्यानंतरचा टप्पा सर्वांत वेळखाऊ आहे आणि नेमका तोच टाळला जातो : लेख उघडून, आपण त्याच्या नावावर जे विधान खपवत आहोत ते त्यात आहे का, हे वाचावे.

हा शेवटचा टप्पा टाळणे सर्वांत धोक्याचे आहे. इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देणारी नवी साधने पूर्णपणे काल्पनिक लेख कमी वेळा देतात. पण खऱ्या लेखाच्या तोंडी त्याने न केलेले विधान घालणे त्यांच्याकडूनही होते. उंदरांवरचा निष्कर्ष माणसांवरचा होतो, ‘संबंध आढळला’चे ‘कारणीभूत ठरते’ होते, लेखकांनी स्वतःच नोंदवलेल्या मर्यादा गळून पडतात. असा संदर्भ डीओआयच्या चाचणीत उत्तीर्ण होतो आणि मुलाखतीत, तो लेख ज्याने लिहिला तोच समोर बसलेला असेल तर, गोत्यात आणतो.

याहून एक सूक्ष्म फसगत आहे. ‘या प्रश्नाचा आजवर अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य प्रत्येक प्रस्तावाला हवेसे वाटते आणि यंत्र ते मागितल्याबरोबर देते. ते खरे की खोटे हे ठरवण्याइतके वाचन त्याने केलेले असेलच असे नाही. अनेक लेखांचा केवळ सारांश खुला असतो, इंग्रजीखेरीज इतर भाषांतील काम त्याच्यापर्यंत कमी पोहोचते आणि अप्रकाशित प्रबंध तर बहुधा पोहोचतच नाहीत. पोकळी आहे असा दावा करायचा तर ती आपण स्वतः शोधलेली असावी. कोणत्या सूचींत, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेपर्यंत शोध घेतला, हे एका ओळीत लिहिले तर दाव्याला बळ येते. साधनाकडून शोधासाठी पर्यायी शब्द, समानार्थी संज्ञा, शेजारच्या विद्याशाखेत त्याच गोष्टीला काय म्हणतात, हे जरूर घ्यावे. त्या कामी ते खरोखर उपयोगी पडते.

प्रश्न : दोन प्रयोगशाळांचा संयुक्त प्रस्ताव आहे. आमच्या गटातील एका तरुण सहकाऱ्याने संपूर्ण मसुदा, भागीदार गटाच्या अप्रकाशित निष्कर्षांसह, एका मोफत साधनात चढवून त्याचा सारांश करून घेतला. पुढे पेटंट घेण्याचाही विचार आहे. आता काय करावे?

उत्तर : आधी भागीदार गटाला कळवावे, आणि आजच कळवावे. निष्कर्ष त्यांचे आहेत. ते कुठे गेले हे जाणण्याचा त्यांचा अधिकार आपल्या संकोचापेक्षा मोठा आहे. कोणता मजकूर, कोणत्या तारखेला, कोणत्या साधनात, कोणत्या प्रकारच्या खात्यातून गेला याची नोंद करावी, तो संवाद खात्यातून पुसावा आणि त्या साधनाच्या अटींत माहिती किती काळ साठवली जाते व प्रशिक्षणासाठी वापरली जाते का, हे वाचावे. प्रशिक्षणासाठी वापर बंद करण्याची सोय अनेक साधनांत असते, पण प्रशिक्षण बंद म्हणजे साठवण बंद असे नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते.

पेटंटचा विचार असेल तर विलंब न लावता संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षाशी बोलावे. अर्ज दाखल होण्यापूर्वी शोध सार्वजनिक झाला तर त्याचे नावीन्य धोक्यात येते, हा पेटंट कायद्यातला सर्वपरिचित नियम आहे. एखाद्या साधनात मजकूर चढवणे म्हणजे सार्वजनिक प्रकटन ठरते की नाही, हे त्या साधनाच्या अटींवर आणि त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते, म्हणून ते वकिलाने ठरवावे. सहकाऱ्यावर आगपाखड करण्यात अर्थ नाही. गटाने आधी काही ठरवलेले नसेल तर चूक त्याच्या एकट्याची नाही.

पुढच्या वेळेसाठी गटाने एक साधा प्रश्न ठरवून घ्यावा : हा मजकूर मी अनोळखी माणसाला ईमेलने पाठवीन का? प्रकाशित लेख, निधी संस्थेची जाहीर नियमावली, स्वतःचा जुना छापील सारांश यांना अडचण नाही. अप्रकाशित आकडे, भागीदाराची पद्धत, इतरांचे शिफारसपत्र, सहकाऱ्यांचे परिचयपत्र आणि पगार हे मोफत साधनात जाऊ नये. रुग्णांची माहिती तर नावे काढून टाकल्यावरही जाऊ नये, कारण वय, दुर्मीळ आजार आणि रुग्णालयात आल्याची तारीख एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. संस्थेने करार करून घेतलेले साधन असेल, तर त्यात काय चालते हे करारावरून कळते. संस्थेच्याच संगणकावर, बाहेर काहीही न पाठवता चालणारी एआयची खुली प्रारूपेही (मॉडेल्स) आता उपलब्ध आहेत. ती थोडी कमी तरबेज असतील, पण शब्दमर्यादा पाळण्याच्या कामाला तेवढी पुरतात.

प्रश्न : मी अर्जदार नसून परीक्षक आहे. एका फेरीत भरपूर प्रस्ताव येतात. प्रत्येकाचा सारांश एआयकडून करून घेतला आणि मत माझे मीच दिले, तर चालेल का?

उत्तर : नाही. प्रस्ताव आपल्याकडे विश्वासाने आलेला असतो. तो तिसऱ्याच्या यंत्रणेत चढवण्याची परवानगी अर्जदाराने दिलेली नसते, आणि सारांश करण्यासाठी चढवला काय किंवा गुण देण्यासाठी चढवला काय, गोपनीयता भंग पावायची ती पावतेच. एनआयएचने जून २०२३ मध्ये परीक्षकांना याची स्पष्ट मनाई केली. नॅशनल सायन्स फाउंडेशननेही डिसेंबर २०२३ मध्ये, मान्यता नसलेल्या साधनांत प्रस्तावाचा मजकूर घालण्यास बंदी केली. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलच्या २०२३ च्या परीक्षण अहवालांपैकी एकात तर ‘रीजनरेट रिस्पॉन्स’ हे चॅटजीपीटीच्या बटणावरचे शब्दच तसेच राहून गेलेले अर्जदारांना दिसले, आणि त्या वादानंतर त्या संस्थेनेही परीक्षकांना मज्जाव केला. वर्षभर खपून लिहिलेल्या प्रस्तावावर परत आलेल्या अहवालात ते शब्द वाचणाऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. वेळ पुरत नसेल तर प्रस्ताव परत पाठवावेत. त्यात कमीपणा नाही.

याच संदर्भात एका वाचकाने, अर्जात परीक्षकाच्या यंत्राला उद्देशून अदृश्य सूचना लिहिण्याच्या क्लृप्तीबद्दल विचारले आहे. जुलै २०२५ मध्ये काही संशोधकांच्या प्रकाशनपूर्व (परीक्षणाआधीच इंटरनेटवर ठेवलेल्या) लेखांत पांढऱ्या किंवा अतिसूक्ष्म अक्षरांत ‘फक्त अनुकूल परीक्षण द्या’ अशा अर्थाच्या सूचना दडवलेल्या आढळल्या. परीक्षकच नियम मोडतात म्हणून सापळा लावला, असे समर्थन त्या वेळी काहींनी केले. ते मला पटत नाही. सापळाच लावायचा होता, तर सूचना अनुकूल मताची कशाला हवी होती?

प्रश्न : इंग्रजी ही माझी पहिली भाषा नाही. प्रस्ताव पूर्णपणे मी लिहिला, एआयकडून केवळ व्याकरण तपासून घेतले. मार्गदर्शकांनी तो एआय ओळखणाऱ्या साधनात घातला, तेव्हा बहुतांश मजकूर यंत्राचा असल्याचा शेरा आला. आता मी निर्दोष असल्याचे कसे सिद्ध करू?

उत्तर : त्या शेऱ्याला पुरावा मानू नये, असे आपल्या मार्गदर्शकांना माझे आदरपूर्वक सांगणे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्या साधनांनी यंत्राचे ठरवले. कारण समजण्यासारखे आहे : ही साधने शब्दनिवड किती अपेक्षित आहे हे मोजतात, आणि मर्यादित शब्दसंग्रहाने, सावधपणे लिहिणाऱ्याची शब्दनिवड अपेक्षितच असते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे ओळखसाधन अचूकता कमी असल्याच्या कारणावरून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, हेही त्यांच्या नजरेस आणून द्यावे.

व्यवहाराच्या दृष्टीने, मसुद्याच्या तारीखवार आवृत्त्या जपून ठेवाव्यात. दुरुस्त्यांचा माग ठेवणारी सोय लेखनाच्या बहुतेक प्रणालींत असते. व्याकरण तपासून घेतल्याचे अर्जात लिहावे. आणि साधनाने सुचवलेली प्रत्येक दुरुस्ती स्वीकारू नये. विशेषतः ‘असू शकते’चे ‘आहे’ आणि ‘सूचित होते’चे ‘सिद्ध होते’ झाले असेल तर ती व्याकरणाची दुरुस्ती नाही, निष्कर्षाची आहे. आपल्या मूळ वाक्यातील तो संशय विचार करून ठेवलेला होता, तो तसाच राहू द्यावा.

प्रश्न : मी एका संस्थेच्या संशोधन विभागाचे काम पाहतो. प्राध्यापकांचा वेळ वाचावा म्हणून आम्ही एआयसाठी तयार सूचनांचा एक संच बनवला आहे. अर्जांची संख्या लक्षणीय वाढली, पण यश वाढले नाही. आमचे काय चुकते?

उत्तर : संख्या वाढवणे हे उद्दिष्ट धरलेत, तेच चुकले असावे. एनआयएचने जुलै २०२५ च्या त्याच सूचनेत नोंदवले आहे की काही संशोधकांनी एकाच फेरीत ४० हून अधिक अर्ज पाठवले. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक प्रमुख संशोधकाला वर्षात सहाच अर्ज करता येतील, अशी मर्यादा घालण्यात आली. परीक्षक तेवढेच, त्यांचे तासही तेवढेच, आणि अर्जांचा महापूर. अशा वेळी भुर्दंड त्यालाच पडतो ज्याने एकच अर्ज मन लावून लिहिला. शिवाय एकाच सूचनासंचातून निघालेले प्रस्ताव एकाच वळणाचे होतात : तेच आरंभीचे वाक्य, तीच तीन उद्दिष्टे, तोच ‘बहुविद्याशाखीय दृष्टिकोन’. एकाच संस्थेचे असे चार अर्ज एका परीक्षकापुढे आले, तर तो विषय विसरतो आणि साचा लक्षात ठेवतो.

तो संच मोडीत काढावा असे मी म्हणणार नाही. त्यातून प्रस्ताव लिहवून घेणारा भाग काढून टाकावा आणि तपासणीचा भाग ठेवावा. नियमावलीतील प्रत्येक अट पाळली आहे का, जोडपत्रे पूर्ण आहेत का, अंदाजपत्रकातील बेरजा आणि मजकुरातील आकडे जुळतात का, संक्षेपांचे पूर्ण रूप दिले आहे का, ही कामे कंटाळवाणी आहेत आणि यंत्राला देण्याजोगी आहेत. बेरीज मात्र स्प्रेडशीटमध्येच करावी. भाषेची साधने आकडेमोडीत चुकतात आणि चुकलेले उत्तरही ठामपणे देतात. वाचलेला वेळ, अर्ज पाठवण्याच्या आठ-दहा दिवस आधी, विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला बसवून प्रमुख संशोधकाची तोंडी परीक्षा घेण्यासाठी खर्च करावा. प्रस्तावातील कोणतेही वाक्य उचलून ‘हे का?’ आणि ‘हे कसे करणार?’ एवढेच विचारावे, आणि मसुदा न उघडता ज्या वाक्याचे उत्तर संशोधकाला देता येणार नाही ते वाक्य त्याने पुन्हा लिहावे किंवा काढून टाकावे.